पटावरची चळवळ

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस राहायला आली होती. बारा वर्षांची आहे, पत्ते आणि बुद्धिबळात घरातल्या कुणालाही ऐकत नाही. मी तिच्यासाठी एक जुना पट मोठ्या कागदावर छापून आणला. मूळ पट ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि त्याची जगात ती एकच प्रत शिल्लक असल्याचं मानलं जातं. खेळाचं नाव ‘सफ्रजेटो’, काळ १९०८-०९ च्या आसपासचा. पट मिळाला तरी सोंगट्या कुठून आणायच्या? मग डब्यातले एकवीस चिंचोके काढले, त्यातल्या पाचांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. समोरच्या बाजूला शर्टाची एकवीस बटणं, त्यातली पाच मोठी, कोटाची.

चिंचोके म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या बायका: सोळा साध्या कार्यकर्त्या आणि ठिपकेवाल्या पाच पुढारी. बटणं म्हणजे लंडनचे पोलीस: सोळा शिपाई आणि पाच इन्स्पेक्टर. पटावर एकीकडे पार्लमेंटचं सभागृह, दुसरीकडे अल्बर्ट हॉल. बायकांनी पार्लमेंटमध्ये घुसायचं आणि त्याच वेळी अल्बर्ट हॉलमध्ये चाललेली आपली सभा राखायची. पोलिसांनी ती सभा उधळायची आणि पार्लमेंटचं दार राखायचं. ज्याच्या सहा सोंगट्या समोरच्याच्या इमारतीत आधी पोचतील, तो जिंकला. पकडलेल्या बायका तुरुंगात जातात, जायबंदी झालेले पोलीस इस्पितळात. दोन्ही जागा पटावरच आखलेल्या आहेत.

भाचीने आधी बटणंच घेतली, कारण ती चकाकत होती. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं की सगळे शिपाई सभा उधळायला धाडले तर पार्लमेंटचं दार उघडं पडतं. मलाही तोच पेच. धाडसी बायका पुढे काढल्या की मागे सभा उघडी. पहिला डाव तिने जिंकला. मग पट पुन्हा मांडता मांडता तिने विचारलं, “आत्या, पण या बायकांना आत जाऊन काय करायचं होतं?”

त्या प्रश्नासाठीच हा खेळ बनवला होता, असं मला वाटतं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी त्याने आपलं काम केलं. एका मुलीला आधी खेळायला लावलं, मग विचारायला लावलं. पत्रक हातात दिलं असतं तर तिने ते बाजूला ठेवून दिलं असतं.

आता तिला जे सांगितलं ते थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पार्लमेंटच्या निवडणुकीत एकाही बाईला मत नव्हतं. सगळ्या पुरुषांनाही नव्हतं, पण घर-भाड्याच्या अटी पुऱ्या करणाऱ्या पुरुषाला होतं, आणि बाईने त्याच अटी पुऱ्या केल्या तरी नव्हतं. अर्ज, विनंत्या, सह्यांची निवेदनं असा सनदशीर मार्ग बायकांनी चाळीसेक वर्षं धरला होता. मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालची मोठी संघटना त्याच मार्गाने चालली होती. १९०३ मध्ये मँचेस्टरला एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांच्या मुलींनी वेगळी संघटना काढली, विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन. ब्रीदवाक्य होतं, ‘शब्द नको, कृती हवी’. भर सभेत उठून मंत्र्यांना प्रश्न विचारायचे, पार्लमेंटवर मोर्चे न्यायचे, अटक करून घ्यायची आणि दंड न भरता तुरुंगात जायचं, असा त्यांचा खाक्या. १९०६ मध्ये ‘डेली मेल’ने त्यांना ‘सफ्रजेट’ म्हटलं. मताधिकाराच्या इंग्रजी शब्दाला एक लहानखुरं, हिणवणारं शेपूट जोडलं होतं. बायकांनी ते नाव उचललं आणि मिरवलं. ‘सफ्रजेटो’ हे नाव त्यातूनच आलं.

पटावर जे चालतं ते लंडनच्या रस्त्यावर खरोखर चाललं होतं. फेब्रुवारी १९०८ मध्ये बायका सामान वाहणाऱ्या बंद गाड्यांमध्ये दडून पार्लमेंटच्या दारापर्यंत गेल्या आणि एकदम बाहेर उड्या टाकून आत धावल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पार्लमेंटमध्ये घुसायला सफ्रजेटना मदत करा’ असं आवाहन करणारी पत्रकं वाटली गेली. १३ तारखेला पार्लमेंटभोवती हजारो माणसं जमली, पोलिसांची कडी पडली, आणि या पत्रकापायी एमेलिन पँकहर्स्ट, त्यांची मुलगी क्रिस्टाबेल आणि फ्लोरा ड्रमंड यांना तुरुंग झाला. अल्बर्ट हॉल ही युनियनच्या मोठ्या सभांची जागा. तिथे हजारो बायका जमत आणि व्यासपीठावरून देणग्यांचे आकडे जाहीर होत. म्हणजे हा पट काल्पनिक नाही. लंडनकर ज्या दोन इमारती रोज बघत होते त्याच त्यावर आहेत, फक्त मधलं सगळं शहर पुसून त्या समोरासमोर आणल्या आहेत.

प्रचार म्हटलं की आपल्याला कर्कश आवाज आठवतो. भिंतीवरच्या घोषणा, भोंगा, पत्रकं. यात बोलणारा एक असतो आणि ऐकणारा गप्प असतो. ऐकणाऱ्याला पटलं नाही तर तो मान फिरवतो, विषय संपला. खेळात मान फिरवता येत नाही, कारण पुढचं दान तुमचं असतं. सोंगटी तुमच्या हाताने सरकते, अडते तीही तुमचीच, आणि अडल्याचा राग तुम्हालाच येतो. खेळ युक्तिवाद ऐकवत नाही, तो नियमांत बांधून ठेवतो. कोणत्या घरावर थांबायचं, कोणी अडवायचं, जिंकणं म्हणजे काय, हे ठरवलं की जगाबद्दलचं एक म्हणणं मांडून झालं. अर्धा तास खेळायचं तर अर्धा तास ते म्हणणं खरं धरूनच चालावं लागतं.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या सापशिडीचा पूर्वज म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, वर मोक्ष. मत्सराच्या घरात पाय पडला की खाली घसरायचं, मग पुन्हा दान टाकत वर यायचं. प्रवचन न ऐकताही पोराला कळतं की साप कुणाला गिळतो. युरोपातही असे नीतीचे पट होते. १८०० साली लंडनमध्ये निघालेल्या ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ या खेळात नागमोडी वाटेने सुखाच्या वाड्यापर्यंत पोचायचं, सद्गुणाच्या घरावर बढती, दुर्गुणाच्या घरावर शिक्षा. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चं पेटंट घेतलं. जमिनीचं भाडं एका हातात गेलं की बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना कळावं म्हणून तिने तो रचला होता. पुढे त्यातूनच मोनोपॉली आली आणि आपल्या घराघरांतला ‘व्यापार’ही, पण तोवर तिचं म्हणणं गळून पडलं होतं. उरला तो समोरच्याला भिकेला लावायचा आनंद. खेळातला प्रचार असा नाजूक असतो. नियम एवढेसे बदलले की अर्थ उलटा होतो.

मताधिकाराच्या खेळांत सगळ्यात गाजला तो ‘पँक-अ-स्क्विथ’. एका बाजूला पँकहर्स्ट, दुसऱ्या बाजूला पंतप्रधान हर्बर्ट ॲस्क्विथ, दोन्ही नावं एकमेकांत घुसवून हे नाव केलं. ॲस्क्विथ एप्रिल १९०८ मध्ये पंतप्रधान झाले आणि बायकांच्या मताला त्यांचा ठाम विरोध होता. ऑक्टोबर १९०९ मध्ये युनियनच्या ‘व्होट्स फॉर विमेन’ या साप्ताहिकात या खेळाची जाहिरात आली. म्हणजे नाताळच्या खरेदीच्या ऐन तोंडावर. हा मुहूर्त साधूनच तो बाजारात आणला असणार.

पट गोगलगाईच्या शंखासारखा गरगर फिरत आत जातो. ५० घरं. पहिल्या घरात एक बाई स्वतःच्या घरातून निघते, शेवटच्या घरात, बरोबर मधोमध, पार्लमेंट. रंग जांभळा, पांढरा, हिरवा. हे युनियनचे रंग. जून १९०८ मध्ये हाइड पार्कला लाखोंची सभा झाली तेव्हा एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ते ठरवले होते. जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा निर्मळपणाचा, हिरवा आशेचा. काही संचांत सोंगट्या म्हणून शिशाच्या छोट्या बायका होत्या, टोपी घातलेल्या. वाटेत चित्रं येतात ती सगळी त्या काळच्या बातम्यांतली: पोलीस, न्यायाधीश, मंत्री, फुटलेल्या काचा, तुरुंग. फासा टाका आणि पुढे चला, वाईट घर आलं तर मागे जा. नियम इतकेच. घरातली आजी आणि नातू दोघंही पहिल्या फेरीत शिकतील.

या पटात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तुरुंगाच्या घराची उलटापालट. आधीच्या नीतीच्या खेळांत तुरुंग म्हणजे पापाचं फळ. दारू प्यालात, उधळपट्टी केलीत, भोगा. इथे मात्र सोंगटी अडते ती तिने काही वाईट केलं म्हणून नाही. ती पार्लमेंटकडे निघाली म्हणून अडते. खेळणारा तुरुंगाच्या घरावर आला की चडफडतो, पण आपल्या सोंगटीचं चुकलं असं त्याला वाटत नाही. चुकलं ते वाट अडवणाऱ्याचं. नीतीच्या खेळाचा सांगाडा तोच ठेवून त्यातला अपराधी बदलला. युनियनने तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांना सिल्व्हिया पँकहर्स्टने आखलेला एक बिल्ला द्यायला सुरुवात केली होती, पार्लमेंटच्या जाळीदार दरवाजाच्या आकाराचा, त्यावर कैद्यांच्या कपड्यांवरचा बाण. तोही याच वर्षातला, १९०९ चा. तुरुंगात जाणं हा मान आहे, हे छातीवर बिल्ला लावून सांगायचं आणि दिवाणखान्यात पट मांडून सांगायचं, ही एकच मोहीम होती.

या पटावर आणखी एक घर आहे. त्यावर येणाऱ्याने चळवळीच्या निधीला एक पेनी पाठवायची. इथे खेळाची चौकट फुटते. तोवर सगळं लुटुपुटीचं होतं, आता खिशात हात घालायचा आहे. कुणी खरंच पेनी पाठवली असेल, कुणी हसून सोडून दिलं असेल, पण ते घर वाचताना प्रत्येकाला क्षणभर हा विचार करावा लागला की मी यात आहे का.

खेळांमागे पैशाचंही गणित होतं. पगारी कार्यकर्त्या, सभागृहांची भाडी, खटल्यांचा खर्च, छपाई, सगळ्याला पैसा लागे. युनियनने लंडनला आणि गावोगावी दुकानं उघडली. त्यात पुस्तकं, पोस्टकार्डं, बिल्ले, फिती, चहाची भांडी, चहासुद्धा. लंडनला चेरिंग क्रॉस रोडवर १९१० मध्ये मोठं दुकान निघालं. दुकानात शिरायला धाडस लागत नाही. मोर्चात जायला घाबरणारी, नवऱ्याला न सांगता बाहेर पडणारी बाई दुकानात जाऊन भाच्यासाठी एक खेळ विकत घेऊ शकते. घरी आल्यावर तो टेबलावर मांडला जातो, आणि ज्या घरात राजकारणाचा विषय काढला की ताटावरून उठण्याची पाळी यायची तिथे नवरा स्वतःच फासा टाकून शिशाच्या सफ्रजेटला पार्लमेंटच्या दिशेने ढकलू लागतो. मला हे चित्र फार आवडतं. बायकांची जागा घरात आहे, असं विरोधक सांगत होते. चळवळीने तेच घर प्रचाराची जागा केली.

पत्त्यांचे खेळही निघाले, त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. लंडनच्या केन्सिंग्टन शाखेने १९०७ मध्येच ‘सफ्रजेट’ नावाचा पत्त्यांचा खेळ काढला होता. १९०९ च्या अखेरीस ‘पँको’ आला, ४८ पत्त्यांचा कॅट, एका बाजूला मताधिकारवाले, दुसऱ्या बाजूला विरोधक. चित्रं ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे चित्रकार ई. टी. रीड यांची. ‘पंच’ सफ्रजेटची भरपूर टर उडवायचं, आणि त्याच साप्ताहिकाच्या चित्रकाराने काढलेले पत्ते चळवळीच्या साप्ताहिकात जाहिरात करून विकले जात होते. बाजार दोन्हीकडून कमावत होता. रस्त्यावर ‘सफ्रजेट इन अँड आउट ऑफ प्रिझन’ असं एक कागदी कोडंही मिळे, तुरुंगातून बाहेर पडायची वाट शोधायची. असे खेळ थट्टा म्हणून घेणारेही होते आणि कौतुक म्हणून घेणारेही. तुरुंगात कोण गेलं आणि का, हे मात्र घेणाऱ्या दोघांनाही माहीत असायला लागे.

‘सफ्रजेटो’कडे परत येते, कारण त्यातला विचार मला जास्त खोल वाटतो. ‘पँक-अ-स्क्विथ’ फाशावर चालतो, तिथे नशीब तुम्हाला तुरुंगात टाकतं किंवा सोडवतं. ‘सफ्रजेटो’त फासा नाही. हाल्मा या पटावरच्या खेळासारख्या चाली आणि उड्या, बुद्धिबळासारखी दूरदृष्टी. जे काही होतं ते खेळणाऱ्याच्या डोक्याने होतं. बायका भावनेच्या भरात वागतात, त्यांना राजकारणाची समज नाही, असं भर पार्लमेंटमध्ये बोललं जात होतं, त्या वर्षांत बायकांच्या चळवळीने निव्वळ डावपेचांचा खेळ काढला. त्यात बायकांना पुढाऱ्या आहेत, फळी आहे, राखायचं ठाणं आहे.

दोन्ही बाजूंना एकवीस सोंगट्या आहेत, हे मी खेळताना दुसऱ्या डावात नीट पाहिलं. बायकांची आणि पोलिसांची ताकद सारखी, नियम सारखे, जिंकायची अट सारखी. रस्त्यावर असं काहीच नव्हतं. तिथे पोलीस पगारी, धिप्पाड, कायदा त्यांच्या बाजूला. बायका लांब झग्यात, हातात निवेदन. पट खोटं बोलतो, पण ते खोटं म्हणजे मागणी आहे: आम्हाला सारख्या सोंगट्या द्या आणि मग बघा. मताचा हक्क म्हणजे तरी दुसरं काय असतं?

इस्पितळाचीही गोष्ट तशीच. पटावर तुरुंगात जातात त्या बायका, आणि जायबंदी होतात ते पोलीस. हे गमतीचं वाटतं, पण त्यामागे खरी माहिती आहे. एडिथ गॅरुड नावाची जेमतेम पाच फुटांची बाई लंडनमध्ये जुजुत्सू ही जपानी झुंजकला शिकवायची. १९०९ पासून तिने सफ्रजेटना धडे दिले: अंगावर आलेल्या माणसाचं वजन त्याच्यावरच कसं उलटवायचं, हात कसा सोडवून घ्यायचा. पुढे १९१३ मध्ये एमेलिन पँकहर्स्ट यांच्या रक्षणासाठी बायकांचं एक पथकच तयार झालं. पोलिसाला आडवी पाडणारी बाई ही त्या काळच्या व्यंगचित्रांत थट्टेची गोष्ट होती. खेळाने तिला नियमात बसवून टाकलं.

भाचीने दुसऱ्या डावात चिंचोके घेतले. तिने आपल्या तीन पुढाऱ्या अल्बर्ट हॉलपाशीच ठेवल्या आणि साध्या कार्यकर्त्यांना दोन बाजूंनी पुढे काढलं. माझे शिपाई एका बाजूला धावले की दुसरीकडून दोन चिंचोके आत. पाचवा आत गेल्यावर ती उठून उभीच राहिली. सहावा तिने बोटाने अगदी हळू सरकवला. बटणांच्या डावात जिंकली होती तेव्हा ती नुसती हसली होती.

या खेळांत काय नाही, तेही सांगायला हवं. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस-डनलॉप हिने तुरुंगात पहिलं उपोषण केलं. सप्टेंबरपासून बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांना बळजबरीने अन्न घालायला सुरुवात झाली. माणसांनी धरून ठेवायचं आणि नाकातून किंवा घशातून रबरी नळी पोटापर्यंत सारायची. ‘पँक-अ-स्क्विथ’ची जाहिरात आली ती त्याच्या पुढच्याच महिन्यात. पटावरच्या तुरुंगात एक-दोन डाव थांबलं की झालं. खऱ्या तुरुंगातून बायका फुप्फुसं आणि घसा बिघडवून बाहेर येत होत्या. १८ नोव्हेंबर १९१० ला, ज्याला पुढे ‘काळा शुक्रवार’ म्हटलं गेलं, पार्लमेंटसमोर सहा तास बायकांना मारहाण झाली आणि पोलिसांचे व बघ्यांचे हात त्यांच्या अंगावरून फिरले. त्या दिवसाला कोणत्याही पटावर घर नाही. मला वाटतं, खेळ तिथपर्यंत जाऊ शकत नाही आणि त्याने जाऊही नये. आपल्या सोंगटीच्या घशात नळी घातली असं चित्र असेल तर कुठलं पोर नाताळला ते मांडेल? दार उघडून आत घ्यायचं असेल तर खेळाला दुःख सौम्य करावंच लागतं. पण ते सौम्य केलेलं आहे, हे आपण आज पट बघताना विसरू नये.

दुसरी उणीव वर्गाची. दिवाणखाना, नाताळची भेट, संध्याकाळचा निवांत वेळ हे सगळं मध्यमवर्गाचं. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकाही मतासाठी झगडत होत्या, सह्या गोळा करत होत्या, पण पटावरच्या झगा-टोपीवाल्या बाईत त्या दिसत नाहीत. पहिल्या घरातून बाहेर पडणारी बाई गिरणीत जायला निघालेली नाही.

विरोधकही गप्प नव्हते. त्यांची पोस्टकार्डं भरमसाट होती: कजाग बाई, रडणारं मूल, स्वयंपाकघरात अडकलेला नवरा. १९०८ मध्ये मताधिकाराला विरोध करणारी बायकांचीच एक संघटना निघाली. आपल्याला ओळखीचं एक नावही त्या बाजूला आहे. बंगालची फाळणी करून परतलेले माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. बायकांना मत का नको याची त्यांनी पंधरा कारणं दिली होती. त्यातलं एक असं की बायकांच्या मतांवर सरकार निवडून आलं तर परकी सत्तांच्या नजरेत ब्रिटन दुबळं ठरेल आणि भारतातही त्याचा चुकीचा अर्थ घेतला जाईल. लंडनच्या बाईचं मत अडवायला आपला देश कारण म्हणून पुढे केला जात होता.

मग खेळांनी मत मिळवून दिलं का? असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळालं, १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने. त्यामागे महायुद्ध होतं, फॉसेट यांच्या संघटनेची संथ चिकाटी होती, मजूर पक्षाशी झालेली हातमिळवणी होती, तुरुंग होते. खेळांनी केलं ते एवढंच की मताधिकार ही चार वेड्या बायकांची ओरड न राहता घरातल्या टेबलावरची वस्तू झाली. ज्या गोष्टीचा खेळ निघतो ती सगळ्यांच्या ओळखीची होते, आणि ओळखीच्या गोष्टीला अशक्य म्हणणं जड जातं.

अशा छोट्या वस्तू किती दूर जातात याचा एक धागा थेट मुंबईला येऊन पोचतो. महाराजा रणजितसिंगांची नात सोफिया दुलीपसिंग लंडनमध्ये मताधिकाराच्या चळवळीत होती. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासमोर उभी राहून ती चळवळीचं साप्ताहिक विकायची, काळ्या शुक्रवारच्या मोर्चातही ती पुढे होती. १९११ मध्ये ती काश्मीरला आली असताना तिची गाठ सुट्टीवर आलेल्या हेराबाई टाटा आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी मिठन यांच्याशी पडली. सोफियाच्या कपड्यांवर एक छोटा बिल्ला होता, हिरवा, पांढरा, पिवळा, ‘व्होट्स फॉर विमेन’ लिहिलेला. हे काय आहे, असं कुतूहल जागं झालं आणि हेराबाई या विषयात ओढल्या गेल्या. पुढे त्या मुंबईत राहून भारतातल्या बायकांच्या मताधिकारासाठी काम करू लागल्या.

१९१९ मध्ये हिंदुस्थानच्या नव्या कायद्याचा मसुदा ब्रिटनमध्ये चर्चेला होता, तेव्हा हेराबाई आणि मिठन लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ‘पँक-अ-स्क्विथ’चं पन्नासावं घर म्हणजे ते पार्लमेंट, आणि मुंबईहून आलेल्या या मायलेकी त्याच्या समितीपुढे उभ्या होत्या. बायकांना मत द्यायचं की नाही हा निर्णय तेव्हा प्रांतांवर सोडण्यात आला. १९२१ मध्ये मद्रासने तो घेतला आणि त्याच वर्षी मुंबईने. मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे हक्क फार थोड्या बायकांच्या वाट्याला आला. मिठन लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या.

भाचीला मी त्या बिल्ल्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती चिंचोके डब्यात भरत होती. ठिपक्याचे पाच तिने वेगळे काढले आणि घरी न्यायला मागितले. पट तिच्या दप्तरात गुंडाळून दिला आहे. शाळा सुरू झाल्यावर वर्गातल्या मुलांशी खेळायचा आहे म्हणाली, आणि त्यांना आधी बटणं द्यायची आहेत.